स्थिती : एक निवडा

डरहॅममधली ही इमारत पूर्वी तंबाखूचं गोदाम होती.
हवा दमट झाली की विटा अजून तोंड उघडतात
आणि सर्व्हरच्या खोलीत जुनी, गोडसर तपकीर दरवळते.
इथे बसून आम्ही मोजतो
मलावीतल्या एका जिल्ह्याच्या नर्सेस.

सोपं काम आहे, मी आईला फोनवर सांगते.
माणसामागे एक ओळ.
नाव, आडनाव, जन्मतारीख, पद, केंद्र, स्थिती.

पहिल्याच आठवड्यात आडनावानं अडवलं.
रकाना रिकामा सोडता येणार नाही, असं मीच लिहून ठेवलेलं,
आणि तिकडे कुणी शिस्तीच्या माणसानं
एकशेबारा जणींना आडनाव देऊन टाकलं : नाही.
एकशेबारा बाया, एकाच नाही-घराण्यातल्या,
सगळ्या एक जानेवारीला जन्मलेल्या.
हसायला तोंड नव्हतं मला.
माझे वडील एक जूनचे,
मास्तरांना सोयीची म्हणून.
मी रकाना ऐच्छिक केला.

थोकोझानी म्फांडे आमच्या सकाळी आठला पडद्यावर येतो.
तिकडे दुपार, जेवण झालेलं, मागे पंखा
आणि भिंतीएवढं कपाट.
एकेक सेवापुस्तिका काढतो, फुंकर मारतो,
शिंक मला इथे येते.
काका होता माझा, जिल्हा परिषदेत, आस्थापनेवर.
लाल फडक्यात बांधलेली माणसं
तो गाठीवरून ओळखायचा.

मंगळवारी थोकोझानी म्हणाला,
स्थितीत आणखी एक पर्याय हवा.
आत्ता पाच आहेत :
कार्यरत, रजेवर, बदली, निवृत्त, मृत.
सहावा कुठला?
पंख्यानं तीन-चार फेऱ्या मारल्या.
'आहे, पण पगार नाही.'

तियामिके. काफुता केंद्र.
अकरा महिने टॉर्च दातांत धरून बाळंतपणं करतेय.
नेमणुकीचं पत्र राजधानीत कुठल्याशा टेबलावर
सहीची वाट बघत उताणं पडलंय.
बाया येतात, म्हणून ती येते.

ग्रेगनं माझ्या बदलाखाली शेरा मारला :
ही स्थिती आहे की तक्रार?

त्याच केंद्रावर ओळ चारशेनऊ.
वैद्यकीय सहायक, सहा वर्षांमागे वारलेला,
पगार मात्र दर महिन्याला, वेळेवर.
अशांना आमच्याकडे भूत म्हणतात.
देणगीदारांच्या स्लाइडवर भुतांना वेगळा रंग आहे,
आणि ग्रेगच्या टेबलावर पितळी घंटा,
भूत सापडलं की वाजवायची.
मी क्वेरी लिहिली. घंटा वाजली.
चार टेबलांवरून टाळ्या.

दुसऱ्या दिवशी मी थोकोझानीला बातमी दिली.
त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसत राहिला.
'त्याची बायको आहे,' म्हणाला, 'चार मुलं.
तियामिके तिच्याच पडवीत राहते.
जेवतेही तिथेच.'

म्हणजे मेलेल्याच्या पगारावर
जिवंत नर्स जगतेय, आणि तिच्यावर
एक आख्खं केंद्र.
याला रकाना नाही. दोन ओळींमधून जाणारी
एक पायवाट आहे फक्त,
शेणानं सारवलेल्या पडवीपर्यंत,
आणि माझा तक्ता तिच्यावरून सरळ रेघ मारतो.

खिडकीबाहेर मालगाडी गेली, नेहमीसारखी लांबलचक.
डबे मोजायची सवय आहे मला.
आज एकोणसाठला चुकले.

नवी आवृत्ती शुक्रवारी जाणार.
चारशेनऊच्या पुढे 'मृत' टाकायला मला एक कळ पुरते,
तियामिकेच्या पुढे 'कार्यरत' टाकायला
तीन सह्या, दोन शहरं, एक मंत्रालय.
क्रम उलटा करता येईल का, मी विचारलं.
आधी तिचा पगार, मग त्याचं मरण?
थोकोझानी म्हणाला, उद्या स्वतः जातो.
पहाटे पाचची बस आहे.

तोवर चारशेनऊच्या पुढे मी लिहिलंय :
पडताळणी बाकी.
खोटं नाही ते.
शुक्रवारपर्यंत तरी नाही.

आणि संध्याकाळी, सगळे गेल्यावर,
घंटेचा लोळा कागदात गुंडाळून
मी माझ्या खणात ठेवला.